माझा मुलगा कोच आहे, बस नव्हे

मंडळी, आज मंगळवार, १४ तारीख, सकाळी १०:४० वाजता सौदीतल्या दम्मामच्या एका फुटबॉल क्लबाच्या कचेरीत माझ्या मुलाला बस ड्रायव्हर करण्यात आले.

इरफान नऊ वर्षे व्यावसायिक फुटबॉल खेळला. गुडघा गेला तेव्हा रडत बसला नाही, परीक्षा देऊन कोच झाला. गुरुवारी मुख्य कोच म्हणून त्याचा पहिला सामना. आज नवा इकामा, म्हणजे इथला निवास परवाना, हातात आला, तर व्यवसायाच्या रकान्यात अरबीत ‘बसचालक’! या कार्डावर त्याला मैदानाच्या कडेला कोण उभे राहू देईल?

क्लबाचे अर्ज भरणारे जुने मलबारी टायपिस्ट सौदीकरणात, म्हणजे नोकऱ्या सौदींनाच देण्याच्या धोरणात, घरी गेले. त्यांच्या खुर्चीत आता फहद बसतो. वय बावीस, अतिशय नम्र. मला कहवा देऊन म्हणाला, “मदर, डिक्शनरीत कोच म्हणजे मोठी बस.”

“बाळा, कॉन्व्हेंटमध्ये शिकले आणि तिथेच तीस वर्षे इंग्रजी शिकवले. त्याखालची ओळ वाच, कोच म्हणजे प्रशिक्षक.”

त्याने वाचली आणि कानापर्यंत लाल झाला. “दुरुस्त करतो, इन्शाअल्लाह.”

इरफानला हसू आवरेना. “आई, जाऊ दे ना. संघातली पोरं आत्ताच ओरडतायत, यल्ला ड्रायव्हर, हॉर्न वाजव!”

जाऊ कसे देऊ? इन्शाअल्लाह मीही म्हणते, पण तारखेसकट.

तुमच्या इकाम्यावर तुम्ही कोण आहात? खाली लिहा.

आणि क्लबाने उद्या, बुधवारी दुपारी बाराच्या आत मला लेखी उत्तर द्यावे. बायकांना आता इथे गाडी चालवता येते. गुरुवारी बस हवी तर मी चालवीन. इरफान मैदानावरच उभा राहील.