दांडीची काळी सायकल

आमच्या घरात पहिली सायकल माझ्या नोकरीमुळे आली. ती निवडताना आम्हा बापलेकींचं अकोल्याच्या भर बाजारात, दुकानाच्या पायरीवर जे भांडण झालं, ते येणारे-जाणारे थांबून ऐकत होते. तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आता त्या जागी मोबाइलचं दुकान आहे. तिथून जाताना मला अजूनही नव्या टायरचा आणि ग्रीसचा वास येतो, आणि खरं सांगायचं तर त्या भांडणाची आठवण फार गोड वाटते.

साठ सालच्या आगेमागेची गोष्ट. मॅट्रिक होऊन मी मास्तरकीचं ट्रेनिंग पुरं केलं होतं आणि शाळेवर रुजू होण्याचा हुकूम हातात पडला होता. गाव अकोल्यापासून दोन कोसांवर, कच्च्या रस्त्याचं. एस.टी. तिकडे जात नव्हती. लग्न न झालेल्या मुलीनं खेड्यात खोली घेऊन एकटं राहावं हे माझ्या बाबांना पटण्यासारखं नव्हतं, आणि मलाही तेवढं धाडस नव्हतं. म्हणजे रोज जाऊन-येऊन करायचं, तर सायकल हवी. शाळा उघडायच्या आत सायकल आली नाही तर नोकरी गेली, इतकं ते साधं होतं.

यात एक अडचण अशी होती की त्या गावाची वाट बाबांच्या मूळ गावातून जायची.

बाबा कापसाच्या जिनात शिपाई होते. जिनाची एक सायकल होती, निरोप पोचवायला. कधीमधी ते मला त्या सायकलीच्या कॅरिअरवर बसवून फिरवत. तेव्हा मी एक पाहिलं होतं. वाटेत एका वकिलांचा मोठा बंगला लागायचा, त्याच्या व्हरांड्यात चार माणसं बसलेली असायची. बंगला जवळ आला की बाबांचा उजवा पाय पायडलवरून आपोआप सुटायचा. ते उतरायचे नाहीत, पण पाय उचललेला असायचा, आणि बंगला मागे पडला की तो परत जागेवर जायचा. मी मायला विचारलं. माय चुलीशी भाकरी थापत होती. ती म्हणाली, "त्याईच्या गावात आपल्या मानसानं चावडीसमोरून सायकलीवर बसून जाची सोय नव्हती. उतराचं, चपला हातात घ्याच्या, मंग जाचं. जवानीत जिनाच्या सायकलीवर गावी जात, तवाची सवय हाय, पायात राह्यली."

दीक्षा घेऊन आल्यापासून बाबांनी पुष्कळ गोष्टी सोडल्या. देव सोडले, उपास सोडले, गावचं बलुतं तर त्याआधीच सोडलं होतं. पायाचं मात्र त्यांच्या हातात नव्हतं.

मला सायकल त्यांनीच शिकवली. मोर्णा नदीच्या काठाला तेव्हा मोकळं मैदान होतं. रविवारी जिनाची सायकल मागून आणायची आणि तिथं जायचं. आधी दांडीखालून पाय घालून कैची, मग परकराचा काचा मारून वर सीटवर. बाबा कॅरिअर धरून मागे धावायचे. चढायचं कसं, वळायचं कसं, खड्डा कसा चुकवायचा, समोरून म्हैस आली तर तिच्या शेपटीकडून जायचं, सगळं शिकवलं. फक्त उतरायला शिकवलं नाही. मी ओरडायचे, "बाबा, थांबू कशी?" ते मागून म्हणायचे, "पायडल मार. थांबाचं काहून?"

त्यामुळे मी थांबायचे ती कशावर तरी आदळून. मैदानाच्या कडेला कडब्याची गंजी होती, ती माझी कायमची. गंजी काढून नेली तेव्हा लिंबाचं झाड. शेजारच्या बाया म्हणायच्या, पोरगी सायकल लय झाक चालवते, पन घरी येते तं भिंतीत येते. माय कपाळाला हळद लावून द्यायची आणि बाबांना बोलायची. "तिले उतरनं शिकवा न." बाबा म्हणायचे, "उतरनं काय शिकवाचं? ते जग शिकवते."

तर अशी मी, सायकल घ्यायला दुकानात गेले.

दुकानदार हौशी माणूस होता. त्यानं आधी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, मग विचारलं, "बाई, तुमी चालवता कशा? त्याच्यावर हाय सारं. उंच मानसाले उंच फ्रेम, जोरात चालवनाऱ्याले सीट निराळी, वझं नेनाऱ्याले कॅरिअर निराळं."

मी खरं ते सांगितलं. चढता चांगलं येतं, चालवता चांगलं येतं, उतरता येत नाही.

तो हसला नाही, हे त्याचं चांगलं. त्यानं आतून एक लेडीज सायकल काढली. हिरवी, पोपटासारखी. पुढची दांडी नाहीच, नळी खाली वाकलेली, म्हणजे पाय वर न उचलता बसा आणि तसंच उतरा. मागच्या चाकाला रंगीत जाळी, साडी अडकू नये म्हणून. चेनला पूर्ण झाकण. सीट रुंद, खाली स्प्रिंगा. मी तिच्यावर बसून पाहिलं, दोन्ही पाय जमिनीला टेकले, आणि मला वाटलं की हीच. गोल साडी, केसांत फूल, हिरवी सायकल. मास्तरीणबाई म्हणून मी स्वतःला असंच पाहिलं होतं. अमरावतीला ट्रेनिंगला असताना कॉलेजच्या मुली अशा सायकलींवरून जाताना मी फाटकाशी उभी राहून बघायचे.

बाबांनी सायकलीला एक फेरी घातली. दुकानदाराला विचारलं, "हिच्यावरून उतरनं सोपं हाय?"

"एकदम सोपं. थांबली का पाय टेकला."

"मंग नाई पाहिजे," बाबा म्हणाले, आणि भिंतीला टेकवलेल्या काळ्या सायकलीकडे गेले.

पुरुषी, दांडीची, जाड. दूधवाले वापरत तसली. त्यांनी ब्रेक दाबून पाहिले, चाक उचलून फिरवलं, रिम वाकडी नाही ना ते डोळा बारीक करून पाहिलं. मग पायडलवर अडले. त्या सायकलीला रबरी पायडलं होती, गुळगुळीत. ते म्हणाले, "लोखंडी दातेरी लावून द्या. पाय सुटला नाई पाहिजे." दुकानदार म्हणाला, दातेरी पायडल चपलेचा तळ खाते. बाबा म्हणाले, "खाऊ द्या."

तिथं माझं डोकं फिरलं. चालवणार मी, साडी नेसणार मी, पडणार मी. "बाबा, मी गोल साडीत त्या दांडीवरून पाय कसा टाकू? साऱ्या गावानं पाहावं का?" मी पायरीवर उभी राहून बोलत होते आणि आवाज चढला होता. बाबांचा आवाज कधी चढत नसे, त्या दिवशी चढला. "तुले हिरवी पाहिजे, मले न उतरनारी पाहिजे. त्या गावातून जाचं हाय तुले. चावडीपुढं तुह्या पायानं आपल्या मनानं उतराले नाई पाहिजे. सोपं असलं का मानूस उतरते. माह्याकडे पाह्य."

बाजारातली माणसं आमच्याकडे पाहत होती. काळी सायकल घरी आली. मी तिच्याशी आठवडाभर बोलले नाही.

साडीचा प्रश्न मायनं सोडवला. तिनं आपलं लुगडं काढलं आणि म्हणाली, "नऊवारी नेस. काष्टा मारला का घोड्यावर बस, सायकल काय घेऊन बसली." मी रडकुंडीला आले. शिकलेली पोरगी, ट्रेनिंग झालेली, आणि आईच्या लुगड्यात. पण तिनं नेसवून दिलं आणि मी दांडीवरून पाय टाकला तर तो टाकला गेला, सहज. मायनं माझ्याकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसली. तिला मी आवडले होते. मलाही मी थोडी आवडले, पण सांगितलं नाही.

त्या वर्षी पाऊस लांबला होता. वाट कोरडी होती, दोन्हीकडे वखरून ठेवलेली काळी वावरं. बाबांचं गाव आलं तसं मी हँडल घट्ट धरलं. चावडीपुढे लिंबाचा पार, पारावर म्हातारे. रिवाज आता उरला नव्हता असं सगळे म्हणत. कायदा होता, जमाना बदलला होता. तरी मी जवळ आले तसा पारावरचा एक जण हळूच, मला नाही, हवेला सांगावं तसं म्हणाला, "चावडी आली, बाई."

आणि खरं सांगते, माझा पाय हलला. मी त्या गावात कधी राहिले नव्हते, तरी हलला. दातेरी पायडलनं चपलेचा तळ घट्ट धरला होता, आणि उतरायचं कसं हे मला येतच नव्हतं. मी पायडल मारत राहिले. चावडी मागे पडली.

शाळेच्या पटांगणात मी फाटकाला धरून थांबले. मुलं बघायला गोळा झाली. तो त्यांचा रोजचाच तमाशा झाला पुढे.

संध्याकाळी बाबा ओट्यावर बसलेले असायचे. मी आले की एकच विचारायचे, "कुठी उतरली?" मी म्हणायचे, "शाळेत." मग ते हातपाय धुवायला उठायचे. नोकरी कशी आहे, हेडमास्तर कसे आहेत, मुलं शिकतात का, हे सगळं मायनं विचारायचं. बाबांचा प्रश्न तेवढाच, आणि रोज. उत्तर ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं त्यासाठी मी ती काळी सायकल दामटत होते. हिरवीचं दुःख कधी गेलं ते कळलंही नाही.

मग आषाढात पाऊस बसला. वऱ्हाडच्या काळ्या मातीचा गारा ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून कळायचं नाही. तो चाकाला धरतो, चाकावरून मडगार्डात जातो, तिथं ठोकून बसतो, आणि चाक फिरायचं थांबतं. तसं माझं चाक थांबलं. कुठं, तर बरोबर चावडीसमोर.

मी पडले. उठले. लुगडं गुडघ्यापर्यंत काळं. पारावर तेच म्हातारे, घोंगडी पांघरून. मी काडी घेतली आणि मडगार्डातला गारा उकरून काढला, दोन पावलं ढकलली, पुन्हा चाक बसलं. पारावरून आवाज आला, "आता उतरली." त्यात समाधान होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं होतं. संध्याकाळी बाबांना काय सांगू, एवढंच माझ्या मनात होतं.

तेवढ्यात समोरून पाटलांचा मुलगा आला. तो अकोल्याला कॉलेजात जायचा. पांढरा पायजमा मांडीपर्यंत गुंडाळलेला, बूट हातात, आणि आरसा बसवलेली त्याची झकास सायकल खांद्यावर. दांडीत खांदा घालून त्यानं ती उचलली होती. तो मला म्हणाला, "बाई, ढकलू नका. दांडीत खांदा घाला अन् उचला. पुढं नाल्यापावतर असंच हाय."

मी दांडीत खांदा घातला आणि उचलली. जड होती, पण उचलली गेली. लेडीज सायकल असती तर खांदा घालायला दांडीच नव्हती, तिथंच बसून राहिले असते. मी चावडीसमोरून चालत गेले, सायकल माझ्यावर बसली होती. पाटलांचा मुलगा उलट्या दिशेनं गेला.

त्या संध्याकाळी बाबांनी विचारलं, "कुठी उतरली?"

"चावडीपुढं," मी म्हणाले.

त्यांच्या हातात चहाची बशी होती. ती तशीच राहिली. मायसुद्धा आतून दारात आली. ते म्हणाले, "कोनं उतरवली?"

"गाऱ्यानं. पाटलाचं पोट्टं बी उतरलं होतं. बूट हातात अन् सायकल खांद्यावर."

"बूट हातात?"

"हातात."

"चावडीपुढं?"

"चावडीपुढंच, बाबा."

बाबा हसायला लागले. मी त्यांना इतकं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. चहा सांडला, डोळे पुसले, परत हसले. माय म्हणाली, "येडे झाले का?" तर तिला सांगायला लागले, बूट हातात व्हते म्हने, आणि पुन्हा हसू. शेवटी शांत झाले आणि सायकलीपाशी जाऊन चिंधीनं तिची दांडी पुसत राहिले.

उघडीप पडली त्या रविवारी ते म्हणाले, "चाल, तुले उतरनं शिकवतो."

मला कॅरिअरवर घेऊन ते मोर्णेकडे निघाले. वाटेत वकिलांचा बंगला आला आणि त्यांचा पाय उचलला गेलाच, दातेरी पायडल असूनही. मैदानात मला उतरवून ते एकटे सायकलीवर बसले, वेग घेतला, आणि माझ्याजवळ येताना उजवा पाय मागून सोडवून डाव्या पायडलवर एका पायानं उभे राहिले, मग जमिनीवर आले. सायकल डुललीसुद्धा नाही. धूळ उडाली नाही, आवाज झाला नाही. इतकं देखणं उतरणं मी पुढं आयुष्यात कुणाचं पाहिलं नाही. ते त्यांनी कुठं आणि किती वेळा गिरवलं होतं ते मला ठाऊक होतं.

"आपल्या मनात आलं तं असं उतराचं," ते म्हणाले.

मग पुन्हा चढले, मैदानाला वळसा घालून माझ्यासमोरून गेले. मी शिकायला उभी होते. म्हटलं, "बाबा, उतरा न आता."

"थांब वं," ते म्हणाले आणि आणखी एक फेरी मारायला निघून गेले.