तांडेलाचे तळपाय

आमचा दादा हट्टी. इतका, की लहानपणी आई त्याला ओरडायची सोडून देवालाच ओरडायची. मोठेपणी तो एका व्यापाऱ्याच्या शिडाच्या गलबतावर तांडेल झाला आणि हट्टाला मान मिळाला. तिथं तांडेलाचाच शब्द शेवटचा.

किनाऱ्याकिनाऱ्यानं भट्टीतला कळीचा चुना पोचवायचा, हे त्याचं काम. लोकांना चुना लावणारे ढीगभर असतात, हा बापडा जन्मभर नुसता वाहतोय, असं मी त्याला चिडवायचे. त्यावर तो म्हणायचा, "मिरचे, शिडं शिवतेस तसं तोंडपण शिव." शिडं मीच शिवायचे, ओटीवर बसून, तळहाताला कातडं बांधून.

लग्न त्यानं केलं नाही. गलबतावर जेवायचा, तिथंच झोपायचा. माझ्या घरी आला की दुसऱ्या दिवसापासून पाहुण्यासारखा अवघडून बसायचा. माझ्या जावयाला त्यानं आपणहून हाताखाली घेतलं. मामाबरोबर आहे म्हटल्यावर माझी लेकही निर्धास्त होती.

कोरड्या चुन्याचा वैरी एकच, पाणी. भिजला की तो तापतो, इतका की लाकूड पेटतं. वर पाणी ओतावं तर आणखी भडकतं. मग एकच करायचं. चुन्याचाच गारा कालवून माल भरलेल्या खणाचं झाकण आणि फट न् फट लिंपून टाकायची, आत वारा म्हणून जाऊ द्यायचा नाही आणि आग गुदमरून मरेपर्यंत वाट बघायची. तोवर बंदरात कुणी उभं करत नाही, बाहेरच नांगर टाकावा लागतो. आग मेली की नाही हे तांडेल ठरवतो. अनवाणी पायांनी वरच्या फळ्यांवरून फिरायचं आणि पायाला गार लागलं की झाकण उघडायचं. दुसऱ्या कुणाच्या पायाला विचारायची पद्धत नाही.

त्या वर्षी वादळात तळाची फळी सुटली आणि चुन्याला पाणी लागलं. दादानं सगळं चोख केलं, लिंपलं, बंदराबाहेर नांगर टाकला. ते गलबत हातचं गेलं असतं तर त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं, घर नाही, दार नाही. मी होडीतून जेवण आणि प्यायचं पाणी पोचवत होते. रोज विचारायचे, गार झालं का, आणि रोज तो नाही म्हणून मान हलवायचा.

एका सकाळी वर चढले, तर जावई पोत्यावर गुडघे टेकून झाकणाचा गारा खरवडत होता. दादाच्या पायाला गार लागलं म्हणे. मी टोपली ठेवायला वाकले, फळीला हात टेकला आणि झटकन मागे घेतला. तव्यावर टेकावा तसा चटका. खलाशांच्या पायांत जोडे होते. दादा तेवढा अनवाणी, निवांत उभा.

त्यानं पाऊल उचललं तेव्हा मला दिसलं. तळव्याला हे एवढाले फोड, एक फुटून पाणी गळत होतं, आणि ह्याला पत्ता नाही. जन्मभर चुना तुडवून पाय मेले होते त्याचे.

"दादा, पाय बघ तुझे," मी म्हटलं.

त्यानं पाहिलं. खलाशांनीही पाहिलं. दादाचा चेहरा पडला, मग घट्ट झाला.

"उघड," तो जावयाला म्हणाला.

मी जावयाचा दंड धरला. त्यानं तो हळूच सोडवून घेतला आणि झाकण उचललं.

आत वारा गेला आणि आगीचा लोळ सरळ त्याच्या तोंडावर आला. त्याला ओढत आम्ही होडीत घेतलं. दादा उतरायलाच तयार नव्हता, त्याला खलाशांनी उचलून आणलं. मी शिवलेली शिडं माझ्या डोळ्यांदेखत जळली, आणि त्यांच्याकडे बघायलाही मला सवड नव्हती. जावयाचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

त्याचे डोळे गेले ते गेलेच. आता तो माझ्या बाहेरच्या खोलीत चाचपून दोर वळतो. दादाही माझ्याकडेच, आतल्या खोलीत. जाणार कुठं? त्याचे तळवे काही भरत नाहीत, पट्टी मीच बांधते. मनातून त्याचा गळा दाबावासा वाटतो आणि हात मात्र पट्टी हलकी बांधतात, याचाच मला संताप येतो.

परवा मला राहवलं नाही. विचारलं, पाय दिसले होते ना तुला, मग थांबला का नाहीस?

त्यानं पट्टीतला पाय मागे ओढून घेतला. मग म्हणाला, "थांबलो असतो तर गलबत वाचलं असतं गं. पण पाय मेलेल्या तांडेलाला त्यावर ठेवलं कुणी असतं?"

बाहेरचा दोर वळण्याचा आवाज थांबला होता.

"मामा," जावई तिथूनच म्हणाला, "खरवडताना माझे गुडघे भाजत होते. मी म्हटलं, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं."