चार मिलिमीटरची अक्षरं

चिखलीच्या इंद्रभान गवईंनी एसटीच्या आगारात एकतीस वर्षं गाड्यांवर अक्षरं काढली. पुढची पाटी, मागचं ‘सुरक्षित अंतर ठेवा’, खिडकीखालचं ‘आपत्कालीन दरवाजा’, आतलं ‘महिलांसाठी राखीव’. पट्टी नाही, खडूच्या रेघा नाहीत. ब्रश बुडवायचा, श्वास धरायचा आणि ओढायचा. शेवटच्या काही वर्षांत छापील स्टिकर यायला लागले. पेंटरकडे राहिलं डाग पुसणं, पत्रा रंगवणं. इंद्रभान तक्रार करणारे नव्हते, पण स्टिकरचा गठ्ठा आला की ते चहाला निघून जायचे.

निवृत्तीनंतर त्यांनी सनबोर्डचा हलका, जाड पुठ्ठा कापून छोटी एसटी बनवायला घेतली. खरी गाडी चोवीस पटींनी लहान केली की दीड फुटाची होते. स्टेपनी, शिडी, टपावरचा कॅरिअर, ड्रायव्हरच्या मागची जाळी, सगळं जिथल्या तिथं. वर्षभरात गाडी उभी राहिली, लाल रंगाचा पहिला हातही बसला. आता अक्षरं तेवढी राहिली. खऱ्या गाडीवरचं चार इंची अक्षर इथे जेमतेम चार मिलिमीटरचं.

आणि नेमका तेव्हा हात दगा देऊन बसला. दोन वर्षांपासून उजवा हात थरथरायचा. डॉक्टरांच्या गोळीने कंप कमी झाला, गेला नाही. मोठ्या अक्षरात चालून जायचं, पण बारीक ब्रशने पहिला ‘म’ काढला तर तो मेलेल्या गांडुळासारखा दिसला. इंद्रभानांनी तो फडक्याने पुसला आणि गाडीवर चादर टाकली.

“काऊन जीवाले लावून घेता?” त्यांच्या पत्नी तानाबाई म्हणाल्या. “गाडी त झाली ना? अक्षराबिगर काय अडलं?”

“अक्षराबिगरची गाडी म्हंजे नाव नसलेला माणूस वो,” इंद्रभान म्हणाले.

त्यांची मुलगी दीपमाला घराच्या पुढच्या खोलीत ऑनलाइन सेंटर चालवते. सातबारा, परीक्षेचे फॉर्म, आधारच्या प्रती. दिवसभर तिचा रंगीत प्रिंटर करकरत असतो. तिने पंधरा दिवसांत कुठून तरी एक वेगळा कागद मागवला. त्याला डिकलचा कागद म्हणतात. त्यावर छापायचं, पाण्यात धरायचं, की नुसती कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ फिल्म सुटून येते. ती गाडीवर सरकवायची आणि वाळू द्यायची.

“म्हंजे स्टिकरच,” इंद्रभान म्हणाले आणि उठायला लागले.

“बसा ना, बाबा. एक डाव पाहून त घ्या.”

पहिला कागद वाटीत बुडवला तर शाईच सुटली, पाणी सरबतासारखं गुलाबी झालं. दीपमालाने माहिती काढली. छापल्यावर शाई पूर्ण वाळू द्यायची, मग पारदर्शक वॉर्निशचा स्प्रे, तीन पातळ हात. दुसऱ्या खेपेला शाई टिकली. पण इंद्रभान भिंग लावून बघत राहिले ते बघतच राहिले.

“काय झालं, बाबा?”

“अक्षर चांगलं हाय. पण हे नोटिशीचं अक्षर हाय, बाई. गाडीचं नाई.”

दीपमालाने कॉम्प्युटरमधले होते नव्हते ते सगळे फॉन्ट दाखवले. एकाच्याही ‘र’ला इंद्रभानांच्या ‘र’सारखं शेपूट नव्हतं. शेवटी ते चिडून उठले, ड्रॉइंगचा मोठा कागद जमिनीवर अंथरला आणि जाड ब्रशने काळ्या रंगात खऱ्या गाडीच्या मापाची अक्षरं ओढली. चिखली–मेहकर, मार्गे हिवरा आश्रम. वळण तेच जुनं, पण कडा मात्र झालरीसारख्या थरथरलेल्या. त्यांना स्वतःलाच बघवेना.

दीपमालाने मोबाइलवर फोटो काढला. “हे पाहा, असं पाह्यजे ना?” म्हणत तिने तो पडद्यावर लहान केला.

इंद्रभानांनी मोबाइल ओढूनच घेतला. “अजून लहान कर.”

तिने केला.

“अजून.”

चित्र नखाएवढं झालं. कडेची झालर कुठल्या कुठे गेली होती. चोवीस पटींनी लहान होताना त्यांच्या हाताचा कंपही चोवीस पटींनी लहान झाला होता. उरलं होतं ते ताठ, टपोरं, शेपटाच्या ‘र’चं अक्षर.

“माय वो!” ते म्हणाले. “हा त माह्या चाळिशीतला हात हाय!”

त्या दिवसापासून घरातली एकही फरशी रिकामी राहिली नाही. इंद्रभान लिहायचे, दीपमाला फोटो साफ करून लहान करायची आणि छापायची. पाटीची काळी अक्षरं पिवळ्यावर झकास बसली. अडलं ते बाजूच्या पांढऱ्या अक्षरांशी. गाडीच्या लाल रंगावर डिकल चढवलं तर तिथे काहीच दिसेना.

“प्रिंटरले पांढरी शाई नसतेच, बाबा,” दीपमाला हताश होऊन म्हणाली. “पांढरं म्हंजे त्याच्या हिशोबानं कोरा कागद.”

इंद्रभान मिशीत हसले. “मंग अक्षर छापूच नको. अक्षराच्या भोवतालचं लाल छाप. त्याच्या खालची पट्टी मी गाडीवर पांढरी रंगवतो. दुकानाच्या कितीक पाट्या अशाच केल्या आमी, पोकळ अक्षराच्या.”

युक्ती लागू पडली, पण छापलेला लाल आणि गाडीचा लाल शेजारी शेजारी भांडायला लागले. दीपमालाने कॉम्प्युटरवर अकरा छटा करून पाहिल्या. एक विटकरी, एक जांभळट, एक टोमॅटोसारखी. तेव्हा इंद्रभानांनी डबे काढले.

“तुहा प्रिंटर आयकत नाई ना? राहू दे. मी रंगालेच आयकवतो.”

त्यांनी लाल रंगात थेंबभर काळा घातला, किंचित पिवळा घातला, काडीने ढवळून उन्हात धरला. सहाव्या मिश्रणाला रंग असा जुळला, की छापलेली पट्टी कुठे संपते आणि गाडीचा रंग कुठे सुरू होतो ते बोट फिरवूनही कळेना. अख्खी गाडी त्यांनी त्याच रंगाने पुन्हा रंगवली.

जानेवारीत अकोल्याला छोट्या गाड्यांचं प्रदर्शन आणि स्पर्धा होती. नागपूर, नाशिक, पुणे, कुठून कुठून माणसं आली होती. टेबलांवर चकचकीत विदेशी रेसच्या गाड्या, आणि त्यांच्या मधोमध ही लाल एसटी. पुण्याचे परीक्षक शंतनु साने डोळ्याला भिंग लावून वाकले आणि बराच वेळ सरळ झालेच नाहीत.

“ही डिकल्स कुठून मागवलीत?”

“चिखलीची हायेत,” इंद्रभान म्हणाले. “घरची.”

“आणि हा फॉन्ट कोणता? माझ्या पाहण्यात नाही.”

“फॉन्ट नाही, सर,” दीपमाला म्हणाली. “हे बाबांचं अक्षर आहे.”

साने काही बोलणार तोच त्यांच्या खांद्यामागून आरोळी आली. “अबे, हे त इंद्रभानची गाडी!” मेहकरचे निवृत्त ड्रायव्हर निवृत्ती जाधव गर्दी सारत पुढे आले. टेबलावरच्या नावाच्या चिठ्ठीकडे त्यांनी पाहिलंही नव्हतं. “ह्या ‘र’च्या शेपटाच्या मागं म्या बावीस वर्षं गाडी हाकली, साहेब. दुसऱ्या कोणाचं असूच शकत नाई!”

सान्यांनी भिंग खिशात टाकलं आणि इंद्रभानांचा हात हातात घेतला. तो थरथरत होता. त्यांनी एकदा हाताकडे, एकदा अक्षरांकडे पाहिलं. “कसं केलंत?”

इंद्रभानांनी सगळं सांगितलं. झालर, नखाएवढं चित्र, पोकळ अक्षरं, सहावं मिश्रण. भोवती वीस-पंचवीस माणसं गोळा झाली. कोणी मोबाइलवर टिपून घेत होतं.

पहिला क्रमांक जाहीर झाला तेव्हा टाळ्यांत जाधवांची शिट्टी सगळ्यांत मोठी होती. माइकसमोर उभं राहिल्यावर इंद्रभानांना दोनच वाक्यं सुचली. “मी पेंटर हाय. अजून लिहून राह्यलो.”

आता घरी पाकिटं येतात. गाडीचा फोटो, हवी ती अक्षरं आणि एक विनंती. आमच्या छोट्या गाडीवर तुमच्याच हाताचं अक्षर हवं. दीपमालाने सेंटरच्या पाटीवर एक ओळ वाढवली आहे, ‘येथे छोट्या गाड्यांची डिकल्स मिळतील’. फरशीवर सध्या सुलतानपूरच्या एका काळ्या-पिवळ्या जीपचा कागद अंथरलेला आहे. तिच्या मागच्या काचेवर मालकाने ‘मोक्षदा’ हे नाव मागितलं आहे. त्यातला ‘क्ष’ इंद्रभानांना काही केल्या पटत नाही. तानाबाईंनी जेवायला दोनदा हाक मारली, तरी ते चौथा कागद उलगडून बसले आहेत.