शेवटच्या कडव्यातलं नाव

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि तिला मी काय सांगितलेलं नाही? ऑफिसात डुलकी लागून खुर्चीवरून पडलो, तेसुद्धा सांगितलंय. पण हे — नाही.

आमच्याकडे गणपतीत आरती झाली की पोरं माझ्याभोवती कोंडाळं करतात. "भाऊ, कापलेल्या रेकॉर्डची गोष्ट!" मग मी सांगतो. झकास सांगतो. मिशीवाला इन्स्पेक्टर, त्याची लाल पेन्सिल, त्याच्यासमोर मी झाडलेलं इंग्रजी — पोरं टाळ्या पिटतात. गेल्या वर्षी थोरल्यानं ती गोष्ट माझ्यादेखत पाहुण्यांना सांगितली, आणि त्याच्या तोंडी त्या इन्स्पेक्टरनं टेबलावर मूठही आपटली. मी मोदक खात होतो.

संयुक्त महाराष्ट्राची धामधूम होती. लालबागला आमच्या चाळीचं कलापथक होतं. शाहीर महादू — गिरणीत साचे चालवायचा, पण डफावर थाप पडली की रस्त्यापलीकडच्या गॅलऱ्या भरायच्या. मी त्याचा झीलकरी. म्हणजे शाहीर ओळ टाकणार, आणि मी मागून ती उचलून वरच्या पट्टीत घोळवणार. मागे उभं राहणं मला जन्मजात जमतं. तुणतुण्यावर दत्ताराम. महादूच्या समोरच्याच खोलीतला, आईचा एकुलता एक. तो फ्लोरा फाउंटनला मोर्चाला गेला. गोळीबार झाला. तुणतुणं खुंटीलाच राहिलं.

आणि नेमकी त्यानंतर आम्हाला रेकॉर्ड मिळाली — आमची पहिली! गिरगावातल्या एका कंपनीनं बोलावलं. चाळीत साखर वाटली. आता तुम्हाला ठाऊक आहे, पोवाड्याच्या शेवटच्या कडव्यात शाहीर स्वतःचं नाव गुंफतो. तो त्याचा मान. महादूनं ती जागा दत्तारामला दिली. स्वतःचं नाव काढलं आणि तिथे दत्तारामचं घातलं. दत्तारामच्या आईला — आम्ही सगळे तिला काकी म्हणायचो — खोलीत जाऊन म्हणून दाखवलं. ती चुलीवरचा भात करपेपर्यंत बसून राहिली.

पण ते नाव महादू एकदाच घेणार होता. पुन्हा पुन्हा, वरच्या पट्टीत घेणार होतो मी. गोळीबारात गेलेल्या माणसाचं नाव — माझ्या आवाजात, तबकडीवर! आणि मी कोण? सचिवालयातला कारकून. अजून कायम न झालेला. रात्रंदिवस एकच भीती — वरच्या साहेबाच्या कानावर हा आवाज गेला तर?

कंपनीच्या साहेबाशी बोलायला मलाच आत पाठवलं, कारण इंग्रजी माझं. म्हणजे पथकात त्यातल्या त्यात माझं. मी शब्दांचा अर्थ सांगितला. दत्ताराम कोण, तेही सांगितलं. साहेबानं चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "तबकडीच्या एका बाजूत मावतं ना?" मी म्हटलं, मावतं. "मग उद्या या."

एवढंच. ना इन्स्पेक्टर, ना पेन्सिल.

बाहेर बाकावर महादू डफ मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं नुसती मान वर केली. आणि मी म्हणालो — "नाव चालणार नाही म्हणतात. पोलीस रेकॉर्ड उचलतील."

त्यानं डफ मांडीवरून खाली ठेवला. मग म्हणाला, "मग माझंपण नको घालूया."

इथे तरी थांबलो असतो! पण मला शेवट गोड हवा होता. मी म्हटलं, "वेडा का रे तू? शेवट मोकळा ठेवलास तर मी झील कशावर धरू? तुझंच घाल." त्यानं घातलं.

रेकॉर्ड आली. काकीला पुढ्यात बसवलं. फोनोची चावी मी दिली. शेवटचं कडवं झालं, सुई खरखरत राहिली. काकी म्हणाली, "परत लाव रे बाबा. माका नीट ऐकाक येवक नाय." मी परत लावली. मग तिनं महादूकडे पाहिलं. "माझ्या झिलाचा नाव सरकारान काढल्यान. आणि तुझा बरा ठेवल्यान?"

महादू माझ्याकडे बोट दाखवू शकला असता — निदान माझ्याकडे बघू तरी शकला असता. त्यानं मान खाली घातली. "काकी, चुकलं माझं." मी सुई बदलत होतो. सुई बदलायची गरज नव्हती.

पुढे ती रेकॉर्ड तुफान खपली. सरकारनं कापलेली म्हणूनच! सभांमध्ये शेवटची ओळ आली की लोक महादूचं नाव बुडवून दत्तारामचा घोष करायचे. त्या घोषाला घाबरून पोलिसांनी चौकाचौकांतले कर्णे बंद केले, दुकानांतून तबकड्या उचलल्या. मी बाहेर बाकापाशी रचलेली बंदी सरकारनं अशी खरी करून दाखवली. आता मी कोणाला जाऊन सांगणार होतो, की अहो, सुरुवात माझी? रोज गल्लीत कोणीतरी खांद्यावर हात टाकायचं — "भाऊ, तू होतास ना तिथे? सांग ना काय झालं." मग इन्स्पेक्टर आला. मग त्याला मिशी फुटली.

ऑफिसात मी कायम झालो.

काकी महादूशी पुन्हा बोलली नाही. समोरासमोर दारं असून. ती गेली तेव्हा त्यानं खांदा दिला. तिला ते आवडलं असतं का, कोण जाणे. त्या रेकॉर्डनंतर त्यानं कुठल्याच पोवाड्यात स्वतःचं नाव घातलं नाही. लोक म्हणायचे, केवढी ही नम्रता! मी हो म्हणायचो. आता तोही नाही.

तबकडी माझ्या कपाटात आहे. गोष्ट संपली की पोरं ती लावायला लावतात. शेवटच्या कडव्यात महादूचा आवाज त्याच्याच नावापाशी अडखळतो. पोरांना वाटतं, तबकडीला चरा पडलाय. आणि त्याच्या मागून माझा आवाज येतो, तेच नाव उचलून, वरच्या पट्टीत — स्वच्छ, मोकळा. कुठेही जरासुद्धा थरथरलेला नाही.