सेकंदाला दहा ठोके

देऊळगाव राजात माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, बसथांब्यावरून बालाजीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. दुकान म्हणजे एक काचेची पेटी, एक स्टूल आणि भिंतीवर लंबकाचं मोठं घड्याळ. महाराष्ट्र राज्य होऊन आठ-दहा वर्षं झाली असतील. गावात मनगटी घड्याळं वाढली होती आणि ती सगळी कधी ना कधी माझ्या कानाशी येऊन गेली होती. कानाशी म्हणतो ते अक्षरशः. ठोके मोजायची यंत्रं मोठ्या शहरांत असत. माझ्याकडे उजवा कान होता. साधं घड्याळ सेकंदाला पाच ठोके देतं. ते ऐकून मी घड्याळ पुढे पळतंय की मागे पडतंय हे सांगायचो आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायचो. लोक कौतुक करत आणि मी ते सगळं खरं धरत असे. जालन्याच्या बसचे कंडक्टरही माझं भिंतीवरचं घड्याळ बघून घंटी मारत. तेव्हा मी नाकावर माशी बसू देत नव्हतो.

गावात पाण्यात बुडी मारणारा माणूस एकच होता. सगळे त्यांना चाचा म्हणत. विहिरीत बादली पडली, इंजिनाच्या पाइपाच्या तोंडाची जाळी गाळाने बुजली, की चाचांना बोलावणं जायचं. कधी कधी त्याहून वाईट कामासाठीही जायचं, पण त्याबद्दल ते बोलत नसत. त्यांचा धाकटा भाऊ मुंबईहून सुटणाऱ्या जहाजावर इंजिनघरात कामाला होता. त्याने जपानातून भावासाठी एक घड्याळ आणलं, खास पाणबुड्यांचं. घड्याळ कसलं, मनगटावर बांधलेलं लोखंडच होतं. तबकडीवर अंधारात चमकणारे हिरवे ठिपके, आणि तीनशे मीटर असं लिहिलेलं. तीनशे मीटर खोल पाणी आपल्या जिल्ह्यात दाखवा म्हणून लोक चाचांना छेडत. लोणारचं तळंसुद्धा त्यापुढे डबकं ठरलं असतं. त्याला चावी द्यावी लागत नसे, हात हलला की आपोआप भरायची. सेकंदकाटा इतर घड्याळांसारखा उड्या मारत नव्हता, तेलावरून सरकल्यासारखा जायचा.

चाचांना या कशाचं अप्रूप नव्हतं. त्यांना घड्याळ का आवडतं हे त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. "खाली लय अंधार राह्यते, मिस्तरी. वर-खाली काही समजत नाही. हे हिरवे ठिपके दिसले की वाटते, आपन अजून हावो. काटा इथून इथं आला की जाळी सोडाची अन् वर याचं." मागे एकदा ते खाली दोरात अडकले होते. तेव्हापासून त्यांच्या छातीत भीती बसली होती आणि घड्याळाने ती काढली होती. पन्नाशीत आलेल्या माणसाचा धंदा त्या हिरव्या ठिपक्यांवर चालला होता.

एके दिवशी ते दुकानात आले. "मिस्तरी, पंधरा दिवसांत माही घडी तुमच्या घडीच्या दोन मिंट पुढं गेली."

मी घड्याळ कानाला लावलं आणि दचकलो. ठोके नव्हतेच, नुसती सळसळ होती. मोजले तर सेकंदाला दहा. घड्याळात केसाएवढी बारीक कमान गुंडाळलेली असते. तिचे वेढे तेलाने किंवा लोहचुंबकाने एकमेकांना चिकटले की घड्याळ पिसाटासारखं पळतं, हे मला माहीत होतं. मी तिथल्या तिथे निकाल दिला.

"चाचा, कमान चिकटली. खोलाव लागंन."

साधा हिशोब केला असता तरी कळलं असतं. ठोके दुप्पट झाले तर घड्याळ तासाला तासभर पुढे गेलं असतं. हे पंधरवड्यात दोन मिनिटंच गेलं होतं. पण माझ्या कानाने सांगितल्यावर हिशोब करायची मला सवयच नव्हती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा तर गोठाच रिकामा होता.

पाठ उघडायला गेलो तर पाठच नव्हती. मागून एकसंध पोलाद, कुठे सांधा नाही, खाच नाही. समुद्राचं पाणी मागून शिरूच नये म्हणून कारागिरांनी मागचं दारच ठेवलं नव्हतं. शहाण्या माणसाने तिथेच हात जोडले असते. मी जुन्या कंपासची टोकं घासून किल्ली बनवली, वरची फिरती कडी उपसली, खालचं आट्यांचं कडं फिरवलं आणि काचेकडून आत शिरलो. काचेखाली पाणी अडवणारी रबरी वायसर होती. साधी गोल नव्हे, तिला काटकोनात कड होती. ती चिमट्याने काढली.

आतलं यंत्र बाहेर काढून भिंगाखाली धरलं. कमान स्वच्छ होती. वेढे सुटे, अंतर सारखं. चक्र इतक्या वेगाने झुलत होतं की भिंगातून त्याच्या काड्या दिसत नव्हत्या. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. ते दहा ठोक्यांसाठीच बनवलेलं होतं. जितके ठोके जास्त, तितकी हिसक्या-धक्क्याने होणारी चूक कमी. विहिरीच्या दगडावर हात आपटला तरी चाल बिघडू नये म्हणून कुणीतरी लांब बसून केलेला तो विचार होता. मला आनंद झाला हे खरं आहे. एवढं चांगलं काम मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यानंतर मला माझी शरम वाटली.

घाईने सगळं परत बसवताना वायसर चिमट्यात आली आणि तिच्या कडेला चिमट्याच्या दोन दातांएवढी चीर पडली. तशी वायसर बुलढाण्यातच काय, जालन्यातही मिळाली नसती. मी ती तशीच बसवली. त्याच आठवड्यात माझा रेडिओ दुरुस्त होऊन आला. महिनाभर तो बंद होता आणि महिनाभर मी भिंतीवरचं घड्याळ कशाशीच लावलं नव्हतं. बातम्यांच्या वेळेचे ठोके ऐकले, तर माझं घड्याळ मागे होतं. चाचांचं बरोबर होतं. महिनाभर सगळं गाव दोन मिनिटं उशिरा चाललं होतं आणि एकट्या चाचांच्या मनगटावर खरी वेळ होती.

हे सगळं मी त्यांना सांगायला हवं होतं. सांगितलं एवढंच, "नवीन तेल टाकलं हाये. काही दिवस पान्यात घालू नका."

"किती दिवस?"

"मी सांगतो तुमाले."

आमच्याकडे मिस्तरीला दुसऱ्यांदा विचारायची रीत नाही. वैद्य, मिस्तरी आणि विहिरीची जागा दाखवणारा पाणाड्या, यांनी एकदा सांगितलं की विषय संपला. चाचांनी मान हलवली आणि गेले. पुढे ते घड्याळ काठावर काढून ठेवून उतरू लागले. अर्धं काम सोडून लवकर वर येऊ लागले. चाचा आता थकले, असं लोक म्हणू लागले. हे माझ्या कानावर येत होतं. दर वेळी मी ठरवायचो की उद्या सांगू, आणि उद्या दुसरं एखादं घड्याळ दुरुस्तीला यायचं.

उन्हाळ्यात भाऊ सुट्टीवर आला. विहिरींचं पाणी खाली गेलं की गाळाची कामं निघतात. चाचा मोकळ्या मनगटाने उतरताना त्याने पाहिलं आणि घरी जाऊन जेवला नाही. "मी दिलेली घडी पेटीत ठेवाले होती काय?" एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी चाचा घड्याळ बांधून उतरले. वर आले तेव्हा काचेच्या आत पाणी होतं.

सकाळी दोघे दुकानात आले. मी घड्याळ उघडायच्या आधीच चाचा बोलले. "मिस्तरीची काही चूक नाही. मले सांगतलं होतं, पान्यात घालू नको म्हून. मीच ऐकलं नाही." हे ते भावाला सांगत होते. भाऊ खाली मान घालून उभा होता. आपल्या रुसव्यापायी आपणच दिलेली वस्तू बुडाली, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. तो मला म्हणाला, "माफ करा मिस्तरी. तुमचा शबद मोडला आमी."

तेवढं मात्र मला सोसलं नाही. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. मी म्हणालो, "चूक माही हाये. घडीत काहीच बिघाड नव्हता. माही भिंतीवरची घडी मागं होती. खोलली मी, वायसर फाडली मी, अन् तेलाचं सांगतलं ते खोटं सांगतलं."

 चाचा हसले आणि त्यांनी भावाच्या पाठीवर थाप मारली. "पाह्य बे. याले म्हन्ते मानूस. आपल्या दोघायचं भांडन होऊ नये म्हून सारं आपल्या आंगावर घेऊन राह्यला."

"चाचा, मी खरं सांगून राह्यलो."

"हाव, हाव. माहीत हाये मले तुमचं खरं."

मी घड्याळ उघडलं, वायसर काढली आणि दाखवायला पुढे केली. चाचांनी तिकडे पाहिलंही नाही. भावाने ती हातात घेतली, माझं भिंग उचललं आणि उजेडाकडे वळला. जहाजाच्या इंजिनघरात त्याचं आयुष्य वायसरी बघण्यातच जात होतं. चिमट्याच्या दातांची चीर त्याला ओळखू यायला वेळ लागला नाही. त्याने भिंग खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं, मग भावाकडे पाहिलं. चाचा अजून माझं गुणगान करत होते. किती तरी महिन्यांनी ते इतके खूश दिसत होते.

"भाई म्हन्ते तर तसंच असंन," तो म्हणाला आणि वायसर काचेच्या पेटीवर ठेवून बाहेर जाऊन उभा राहिला.

घड्याळ मी सुकवून, पुसून चालू करून दिलं. पैसे घेतले नाहीत, त्याचंही कौतुक झालं. भाऊ जहाजावर परत गेला, जाताना मला भेटला नाही. ही गोष्ट चाचांनी चहाच्या हॉटेलात इतक्या वेळा सांगितली की बीबी गावच्या बाजाराहून लोक घड्याळं घेऊन माझ्याकडे येऊ लागले. मी ती घेत राहिलो. चिरलेल्या वायसरमुळे घड्याळ पुन्हा पाण्यात नेण्याजोगं मात्र झालं नाही. त्याच उन्हाळ्यात देवळामागच्या विहिरीवर काम निघालं तेव्हा मी काठावर होतो. चाचांनी उतरण्याआधी घड्याळ सोडून शेजारच्या माणसाच्या हातात दिलं आणि माझ्याकडे बोट करून त्याला म्हणाले, "सांभाळून धर बे. या मानसानं माह्यासाठी खोटा आळ घेतला हाये आंगावर."