सही माझी एकट्याची

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. कुणी विचारलं की 'कंपनी बुडाली' म्हणायचो. कंपनी बुडाली नव्हती.

लॉकडाऊननंतर लालबागच्या आमच्या छापखान्यात कामं आटली. माणसं कमी करणार, हे सगळ्यांना कळलं होतं. कामगारांच्या वतीने बोलणारे आम्ही दोघं. मी मशीनवरचा, आणि बाइंडिंगमधली फिलोमिना, गिरगावची. आमचा जुना नियम होता. साहेबाच्या केबिनमध्ये एकट्याने जायचं नाही आणि तिथला चहा प्यायचा नाही.

एक दिवस साहेबाने मला एकट्यालाच बोलावलं.

"ती बाई कशाला? नुसती बोंबलते. तुम्ही समजूतदार. तुमच्या लोकांत असा एखादाच निघतो."

तुमच्या लोकांत. आम्हा सगळ्या कामगारांना शिवीच होती ती. मला शाबासकी वाटली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा त्या खुर्चीत बसलो. कपबशीतून चहा आला. प्यायलो. मग कागद आला. यापुढे कुणालाही कमी करताना कामगार प्रतिनिधींना विचारायची गरज नाही.

"तुमची नोकरी पक्की," साहेब म्हणाला.

मी सही केली.

बाहेर फिलोमिना उभी होती.

"एकटाच गेलास रे? चहा पण घेतलास?"

"नाही गं."

माझ्या मिशीला चहा लागला होता. ती बघत राहिली.

आठवड्याभरात यादी लागली. पहिलं नाव तिचं. ती लेबर कोर्टात गेली.

चार महिन्यांनी वॉचमनने मला गेटवर अडवलं. माझा डबा आणि कामाच्या चपला एकाच पिशवीत कोंबलेल्या. साहेब खाली आला.

"मला विचारलं नाहीत," मी म्हणालो.

"विचारायची गरज नाही, हे तुम्हीच लिहून दिलंत ना, काका?" तो हसला. "कंत्राटावर घेतो परत. कोर्टात एवढंच सांगा, सहीला तिचीही संमती होती."

"नाही सांगणार."

त्या माणसाला मी दिलेला तो पहिला नकार. पिशवी उचलली, निघालो. खोटं बोललो नाही. पण कोर्टात जाऊन खरंही बोललो नाही. लाज वाटत होती.

तिची केस अजून चालू आहे. पुढच्या तारखेला मी उभा राहणार. सही माझी एकट्याची, तिच्या पाठीमागे केलेली, हे साहेबाच्या तोंडावर सांगणार.

काल गिरगावला तिच्याकडे गेलो. जिना चढताना एकच वाक्य घोकत होतो. फिलू, माझं चुकलं.

दार तिनेच उघडलं.

"आज पण एकटाच?" म्हणाली. "बस. चहा ठेवते."

साक्षीचं सांगितलं. चहा प्यायलो. ते वाक्य तेवढं तोंडातून निघालं नाही.