नुसतं झाकणही मिळेल

हैदराबादच्या बेगम बाजारातल्या आमच्या भांड्यांच्या दुकानाच्या वेबसाइटचा मजकूर लिहायला एक बाई यायच्या. आमच्याशी कमीच बोलायच्या. स्टुलावर बसून गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकायच्या. लिहिलेली ओळ समोरच्या गिऱ्हाइकाला हैदराबादी हिंदीत सांगायची, आणि ते "तो क्या?" म्हणालं की खोडायची, ही त्यांची रीत.

"तीन पिढ्यांचा विश्वास" ही ओळ अशीच गेली. बाबांचा चेहरा उतरला. त्या जागी बाईंनी बाबांचंच रोजचं वाक्य लिहिलं: "डबा घेऊन या, नुसतं झाकणही मिळेल."

"झाकणं विकून दुकान चालतं होय?" बाबा कुरकुरले.

परवा वेबसाइटवरची ती ओळ वाचून मलकपेठहून एक आजी बिनझाकणाचा डबा घेऊन आल्या. बाबांनी माळ्यावरून झाकण शोधून काढलं, बसवून पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "त्या बाई आता येत नाहीत का?"